सिंगापूर: पुंगोलला भाड्याने घर घ्यावं का? कोणी राहतं का तिथे?

कोथरूडची

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. नवऱ्याची बदली सिंगापूरला झालीये, एम्प्लॉयमेंट पास मंजूर झालाय, तो जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जाईल आणि मी आणि मुलगी (सहा पूर्ण) महिनाभराने डिपेंडंट पासवर. ऑफिस चांगी बिझनेस पार्कला आहे. कंपनी एक महिना सर्व्हिस अपार्टमेंट देणार आणि मग तुमचं तुम्ही बघा. म्हणजे घर तो एकटाच बघणार आणि मी इथून व्हिडिओ कॉलवर, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

बजेट महिन्याला ३२०० डॉलरपर्यंत. एका एजंटने पाच घरं पाठवलीत, त्यातली तीन पुंगोल नावाच्या भागातली, एक सेंगकांग, एक टॅम्पनीज. पुंगोलचं एक मनात भरलंय, अकरावा मजला, खिडकीतून कालव्यासारखं पाणी आणि झाडं दिसतात. पण एजंट म्हणतो आजच्या आज एक महिन्याचं भाडं भरून बुक करा नाहीतर जाईल, करार दोन वर्षांचा, आणि मालकाची अट ‘लाइट कुकिंग ओन्ली’. हे लाइट कुकिंग म्हणजे नक्की काय? फोडणी चालते की नाही? आणि जाहिरातीत ४ रूम लिहिलंय पण फोटोत बेडरूम तीनच दिसतात, चौथी कुठे गेली?

खरं सांगायचं तर माझी भीती वेगळीच आहे. नकाशावर बघितलं तर सगळ्या बिल्डिंगा एकसारख्या, भिंतीवर मोठमोठे नंबर, सगळं पट्टीने आखल्यासारखं. आमची सोसायटी जुनी आहे, तीन मजली, खालून भाजीवाला हाक मारतो, वरच्या काकूंकडे आमची किल्ली असते. तिथे दिवसभर मी आणि मुलगी दोघीच, दार उघडलं तर समोर कोण असेल, बोलायला कोणी मिळेल का, हेच सारखं डोक्यात येतं. नवऱ्याच्या ऑफिसमधले एक जण म्हणतात पुंगोलला डोळे झाकून घ्या, दुसरे म्हणतात फार लांब पडेल, तिसरे म्हणतात कॉन्डोशिवाय, म्हणजे खाजगी सोसायटीशिवाय, राहूच नका. ज्यांनी प्रत्यक्ष राहून बघितलंय त्यांनी सांगा प्लीज.

पुंगोलकर

ताई, बाकी सगळं नंतर, आधी हे. तुमचे मिस्टर स्वतः जाऊन घर बघेपर्यंत एक डॉलरसुद्धा कोणाला पाठवू नका. एजंट खरा आहे का ते बघायची सोय आहे. इथे प्रत्येक एजंटला सीईएचा, म्हणजे कौन्सिल फॉर इस्टेट एजन्सीजचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, त्यांच्या साइटवर शोधलं की नाव आणि फोन दोन्ही दिसतात, तिथला फोन आणि तुम्हाला ज्यावरून मेसेज येतायत तो फोन जुळला पाहिजे. आणि एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहमंडळाच्या, घराच्या भाड्याचे पैसे एजंटने हातात घ्यायलाच बंदी आहे, पैसे थेट मालकाकडे जातात. ‘माझ्या खात्यावर टाका’ म्हणाला की तिथेच हात जोडा. खऱ्या एजंटचं नाव-फोटो वापरून फसवणारे लोक आहेत आणि त्यांना नवीन येणारी, लांबून घर बघणारी माणसंच बरोबर सापडतात.

आता पुंगोल. आम्ही इथे नऊ वर्षं आहोत, घरं दोन बदलली पण भाग बदलला नाही. तुमची चौथी रूम कुठे गेली नाहीये, इथे हॉलसुद्धा रूम म्हणून मोजतात, म्हणजे ४ रूम म्हणजे आपलं ३ बीएचके. नव्या घरांत साधारण ९० चौरस मीटर धरा, हजार स्क्वेअर फुटांच्या जरा आत, आणि हे आपल्याकडच्या सुपर बिल्टअपसारखं जिना-लिफ्ट धरून नाही, घराच्या आतलं माप.

सरकारी घर म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर जे येतं ते विसरा. एचडीबी म्हणजे म्हाडासारखं मंडळ, १९६० मध्ये सुरू झालेलं, पण इथले चारातले तीन लोक तरी याच घरांत राहतात, टॅक्सीवाला आणि शाळेतली टीचर आणि बँकेतला मॅनेजर एकाच लिफ्टने वर जातात. आणि हो, पट्टीनेच आखलंय. पुंगोलला पूर्वी डुकरांची आणि कोंबड्यांची फार्म होती, टोकाला जेट्टी आणि मासे खायची ठिकाणं. १९९६ मध्ये सरकारने ‘पुंगोल २१’ नावाने नव्या गावाचा आराखडा काढला, लगेच पुढच्या वर्षी आशियात मंदी आली आणि काम रेंगाळलं, मेट्रो आली २००३ मध्ये पण आजूबाजूला बरीच वर्षं मोकळं रान होतं असं जुने लोक सांगतात. खरा रंग चढला तो २०११ नंतर, वॉटरवे झाल्यावर. तुम्हाला खिडकीतून दिसतंय ते बहुतेक तेच, ४.२ किलोमीटरचा माणसांनी खोदलेला जलमार्ग, दोन बाजूच्या दोन जलाशयांना जोडणारा. संध्याकाळी साडेसहानंतर दोन्ही काठांनी अख्खं गाव चालायला निघतं, आजीआजोबा, सायकलवाली पोरं, प्रॅम ढकलणाऱ्या आया. माझी आई आली की तिला याच्याशिवाय काही नको असतं.

गावात फिरायला एलआरटी आहे, ड्रायव्हर नसलेली एक-दोन डब्यांची गाडी, घरांच्या मधूनच वरून जाते. तिच्या स्टेशनांची नावं एकदा नकाशावर वाचा. एक आहे समुदेरा, मलय भाषेतला समुद्र, आपल्याच संस्कृतातून तिकडे गेलेला शब्द. दुसरं कडलूर, तमिळमध्ये कडल म्हणजे समुद्र आणि ऊर म्हणजे गाव. बायकोने पहिल्याच आठवड्यात हे शोधून काढलं आणि त्या दिवसापासून तिला ही जागा परकी वाटेनाशी झाली, असं ती अजून सांगते.

ऑफिसचं म्हणाल तर ११८ नंबरची बस पुंगोल इंटरचेंजवरून थेट चांगी बिझनेस पार्कला जाते, गाडी बदलायची नाही, पण पाऊण तास तरी धराच आणि घर इंटरचेंजपासून लांब असेल तर एलआरटीचा वेळ वर. ट्रेनने गेलात तर उलटा वळसा पडतो. याच्या बदल्यात मिळतं काय, तर पुंगोलची मेट्रो न बदलता लिटल इंडियाला जाते, अर्ध्या तासाच्या आत टेक्का मार्केटच्या दारात. कोवळी भेंडी, गवार, कढीपत्त्याची जुडी, ओला नारळ. दर पंधरा दिवसांनी ट्रॉली घेऊन आमची फेरी असते.

घर बघायला मिस्टरांना दुपारी तीनला पाठवा, सकाळी नाही. पश्चिमेची खोली असेल तर सकाळी काही कळत नाही आणि दुपारी भिंतीला हात लावला तर चटका बसतो, मग रात्री अकरापर्यंत एसी. इथे बारा महिने उकाडाच आहे, त्यामुळे हे दोन वर्षं सोसावं लागतं. फोनमधलं होकायंत्र उघडायला सांगा.

श्रावणसर

मी थोडं उलटं सांगते, पुंगोलकरांचं म्हणणं खोटं नाही पण त्यांचं ऑफिस कुठे आहे ते त्यांनी लिहिलं नाही. 🙂 चांगी बिझनेस पार्कला रोज जायचं तर सिमेई नाहीतर टॅम्पनीज बघाच. आम्ही सिमेईला सात वर्षं. नवरा एक्स्पोला, म्हणजे बिझनेस पार्कजवळच्या स्टेशनला, ट्रेनने पंधरा-वीस मिनिटांत पोचतो आणि संध्याकाळी सातला घरी असतो, मुलांबरोबर जेवतो. पुंगोलहून जाऊन येऊन रोज दोन तास गेले तर आठवड्याचे दहा, ते कोणाच्या वाट्याचे गेले, तर मुलीच्या. घरं इथली जुनी आहेत, ऐंशीच्या दशकातली बरीचशी, स्वयंपाकघरातल्या टाइल्स बघून तुला पहिल्यांदा वाईट वाटेल, कपडे खिडकीबाहेर बांबूच्या काठ्यांवर वाळत घालायचे, पण खोल्या ऐसपैस आणि त्याच भाड्यात जास्त जागा. त्या भागात बँकांमध्ये आणि आयटीत काम करणारी आपली माणसं इतकी आहेत की शनिवारी सुपरमार्केटमध्ये मराठी ऐकू येतंच.

कॉन्डोबद्दल म्हणशील तर स्विमिंग पूल आणि गेटवर सिक्युरिटी मिळते आणि ३२०० मध्ये खोल्या लहान होतात, किंवा स्टेशनपासून लांब जावं लागतं. पहिल्या वर्षी आम्ही होतो. पूलवर मुलं महिन्यातून दोनदा गेली असतील.

आता लाइट कुकिंग. याचा अर्थ कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही, मालकाच्या मनात असतो तो अर्थ. बहुतेकांची भीती एकच, तेलाचा थर आणि वास. आणि मी हेही सांगते कारण तुला कोणी सांगणार नाही आणि मग तिकडे आल्यावर धक्का बसेल, काही मालक इंडियन म्हटल्यावर घर दाखवतच नाहीत. आम्हाला एका आठवड्यात चार ठिकाणी हे झालं, एजंटने फोनवर विचारलं कुठले तुम्ही, आणि मग ‘ओनर प्रेफर्स’ वगैरे. मी त्या रात्री रडले होते. नवरा म्हणाला आपण काय चोऱ्या केल्यात का यांच्या. मग जे घर मिळालं ते एका ऐंशीच्या घरातल्या चिनी आजोबांचं, त्यांनी समोर बसवून विचारलं, काय काय शिजवता? मी सगळं खरं सांगितलं, रोज पोळी-भाजी-आमटी, फोडणी रोज, तळण महिन्यातून एकदा. ते उठले, चिमणीची जाळी काढून दाखवली आणि म्हणाले ही दर रविवारी गरम पाण्यात टाकायची. बास, एवढीच अट. सात वर्षांत एकदाही कुरबूर नाही. तेव्हा तूही आधीच स्पष्ट बोल, लपवून आत शिरायचं आणि मग रोज खिडक्या बंद करून फोडणी द्यायची असं करू नकोस, त्या घरात तुला सुख लागणार नाही.

शाळेचं आत्तापासून बघ. सरकारी शाळेत परदेशी मुलांचा नंबर सगळ्यांत शेवटी लागतो आणि वर्ष जानेवारीत सुरू होतं, त्यामुळे तुम्हाला बहुतेक इंटरनॅशनल शाळाच. ग्लोबल इंडियनचा मोठा कॅम्पस पुंगोललाच आहे, ही एक गोष्ट मात्र पुंगोलच्या पारड्यात.

करारवाचक

घर कुठलंही घ्या, मला फक्त कागदांबद्दल बोलायचंय कारण इथे माणसं तिथेच मार खातात.

क्रम असा असतो. आधी एलओआय म्हणजे लेटर ऑफ इंटेंट, त्याबरोबर साधारण एक महिन्याचं भाडं, तेच पुढे पहिलं भाडं किंवा डिपॉझिटमध्ये धरतात. तुमच्या सगळ्या अटी या पत्रातच घाला, नंतर करारात घालू म्हणाल तर मालक ऐकून घेत नाही, कारण तोपर्यंत तुमचे पैसे त्याच्याकडे गेलेले असतात. मग टेनन्सी ॲग्रीमेंट. डिपॉझिट वर्षाला एक महिना अशी पद्धत, म्हणजे दोन वर्षांना दोन महिन्यांचं. स्टॅम्प ड्युटी भाडेकरूने भरायची असते, चार वर्षांपर्यंतच्या कराराला एकूण भाड्याच्या ०.४ टक्के, तुमच्या ३२०० च्या हिशेबाने दोन वर्षांचे ७६,८०० होतात आणि ड्युटी ३०७ डॉलर. सही झाल्यापासून १४ दिवसांत भरायची. स्टॅम्प नसलेला करार भांडणाच्या वेळी पुरावा म्हणून चालत नाही.

आणि डिप्लोमॅटिक क्लॉज. ताई, हे वहीत लिहून ठेवा. दोन वर्षांच्या करारात साधारण असं असतं की बारा महिने झाल्यावर, नोकरी गेली किंवा बदली झाली तर दोन महिन्यांची नोटीस देऊन घर सोडता येतं, एजंटच्या कमिशनचा उरलेला भाग तेवढा मालकाला भरून द्यावा लागतो. आपल्यासारख्या पासवर असलेल्या माणसाला हे कलम नसेल तर करार करूच नये. कारण पास नोकरीला बांधलेला आहे, नोकरी सुटली की पास रद्द होतो आणि साधारण ३० दिवसांचा व्हिजिट पास हातात राहतो, त्यात दुसरी नोकरी शोधायची की घराचं भाडं निस्तरायचं? माझ्या शेजारच्या टीममधल्या एकाचं नेमकं हेच झालं, कलम नव्हतं, आठ महिने शिल्लक होते, दोन्ही महिन्यांचं डिपॉझिट सोडून वर पैसे देऊन गेला बिचारा, बायको सात महिन्यांची गरोदर होती.

माझं स्वतःचंही सांगतो. पहिल्या घराचं भाडं २८००, डिपॉझिट ५६००. घर सोडताना मालकिणीने ११०० कापले. ओट्यावर शेगडीच्या उजव्या हाताला हळदीचा डाग होता, पांढराशुभ्र ओटा आणि त्यावर वाटीच्या कडेएवढी पिवळी चंद्रकोर, बायको तिथेच डबा टेकवायची. तो आमचाच होता, आम्ही मान्य केलं. पण बेडरूमच्या लाकडी फरशीवरचे ओरखडे आम्ही राहायला यायच्या आधीपासूनचे, त्याचेही पैसे लावले. सुदैवाने किल्ली मिळाली त्या संध्याकाळी मी १४० फोटो काढले होते, प्रत्येक कपाटाच्या आतले, नळाखालचे, फरशीचे जवळून, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळे ईमेलने मालकिणीला पाठवले होते. ते ईमेल दाखवूनही ती ऐकेना तेव्हा स्मॉल क्लेम्स ट्रिब्युनलला ऑनलाइन अर्ज केला. दोन वर्षांपर्यंतच्या राहत्या घराच्या भाड्याची भांडणं तिथे चालतात, २०,००० डॉलरपर्यंतचा दावा, वकील लागत नाही, किंबहुना वकील आणताच येत नाही. पहिल्याच बैठकीत समोरासमोर बसवलं, फोटो आणि तारीख बघितली, आणि फरशीचे ७०० परत मिळाले. भाषा तोडकीमोडकी असली तरी चालते, कागद पाहिजे.

एसीचं सर्व्हिसिंग दर तीन महिन्यांनी भाडेकरूने करायचं असं करारात असतंच, पावत्या एका फाइलीत ठेवा.

नवखा२३

मीपण ऑगस्टमध्ये येतोय म्हणून विचारतो. ऐकलंय की प्रत्येक ब्लॉकमध्ये इंडियन लोकांचा कोटा असतो आणि तो भरला की भाड्याने मिळत नाही, खरं आहे का?

करारवाचक

दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. चिनी, मलय, इंडियन असा प्रमाणाचा नियम आहे, १९८९ पासून, पण तो घर विकत घेण्या-विकण्यासाठी. एका वंशाची वेगळी वस्ती होऊ नये म्हणून. भाड्याला लागतो तो नागरिक नसलेल्यांचा कोटा, शेजाराच्या म्हणजे नेबरहूडच्या पातळीवर ८ टक्के आणि ब्लॉकच्या पातळीवर ११ टक्के, त्यातून मलेशियन वगळलेले आहेत. अख्खं घर भाड्याने घेताना हा बघतात. तो भरला असेल तर मालकाची कितीही इच्छा असली तरी परवानगी मिळत नाही, म्हणून पैसे द्यायच्या आधी मालकाला एचडीबीच्या साइटवर तपासायला सांगायचं, पाच मिनिटांचं काम आहे. आणि परवानगी मिळाल्याचा कागद मागून घ्यायचा. विनापरवाना घरात राहिलात तर ते घर मालकाच्या हातून जाऊ शकतं आणि तुम्ही रस्त्यावर येता. सहा महिन्यांपेक्षा कमी भाड्याने एचडीबी देता येत नाही हेही लक्षात ठेव, ‘दोन महिने राहून बघा’ म्हणणारा कोणी भेटला तर तो नियम मोडतोय.

वैनगंगा

कोथरूडची, तू शेवटी जे लिहिलंस ना, दार उघडलं तर समोर कोण असेल, त्याच्यावर कोणी बोललंच नाही म्हणून मी लिहितेय. मी मूळची भंडाऱ्याची, लग्नानंतर नागपूर, आणि आता पुंगोलला पाच वर्षं.

पहिले सहा महिने कठीण गेले, ते तुला आधीच सांगते म्हणजे तुला वाटायला नको की आपलंच काही चुकतंय. नागपूरला मी शिकवत होते, इथे डिपेंडंट पासवर नोकरी करता येत नाही, २०२१ पासून स्वतःचा वेगळा वर्क पास लागतो. सकाळी आठला नवरा गेला, साडेआठला मुलगा बसमध्ये चढला की मग चौदाव्या मजल्यावर मी आणि पंख्याचा आवाज. खाली सगळं स्वच्छ, कोणी ओरडत नाही, कोणी हाक मारत नाही. मला त्या शांततेचाच त्रास व्हायचा.

मग मी खाली बसायला लागले. इथे बहुतेक ब्लॉकच्या तळमजल्याला भिंतीच नसतात, नुसते खांब आणि मोकळी जागा, व्हॉइड डेक म्हणतात. बाकं असतात, काही ठिकाणी बुद्धिबळाचा पट कोरलेली दगडी टेबलं. पाऊस इथे सांगून येत नाही, दुपारी दोनला आभाळ काळं होतं आणि पाच मिनिटांत धो धो, तेव्हा जो तो त्या डेकमध्ये येऊन थांबतो. माझी पहिली ओळख अशाच पावसात झाली. समोरच्याच दारातल्या मलय बाई, मी त्यांना मकचिक म्हणते, म्हणजे मावशी. सहा महिन्यांनी पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले तेव्हा कळलं की त्या मला रोज बघायच्या आणि त्यांना वाटायचं मला बोलायला आवडत नाही. दोघीही वाट बघत होतो ग. आता ईदला त्यांच्याकडून केकचे डबे येतात आणि गणपतीला माझे मोदक जातात, मी कागदी डिशमध्ये देते म्हणजे भांड्यांचा प्रश्न त्यांना पडत नाही.

त्याच डेकमध्ये एकदा मुलाला घेऊन आले तर पांढरा-पिवळा मांडव, गोल टेबलं, उदबत्त्या, एका चिनी आजींचा अंत्यविधी. तीन दिवस चालला. मुलगा घाबरला, मला म्हणाला आपण मागच्या जिन्याने जाऊ. पुढच्याच शनिवारी त्याच जागेवर मलय लग्न, ढोल, बिर्याणीची पातेली, नवरानवरीला राजाराणीसारखं बसवलेलं, आणि मुलाला कोणीतरी बोलावून ताटात वाढलं. तेव्हापासून त्याने कधी मागचा जिना विचारला नाही.

घरातलं एक-दोन सांगते. हॉलजवळ तुला एक जाड लोखंडी दाराची बारकी खोली दिसेल, खिडकी नसलेली, ती युद्धाच्या वेळी लपायची, नव्या घरांत असतेच. तिच्या भिंतींची तोडफोड करायची नाही, नियम आहे. सगळे ती कोठीसाठी वापरतात, मीही. पहिल्या वर्षी मी तिथे पापड-कुरडया, भाजणी, मसाला सगळं रचून दार लावून घेतलं आणि दीड महिन्याने उघडलं तर भाजणीला जाळी धरलेली, आईने दिलेल्या लाल तिखटाचा एक दगड झालेला आणि नवऱ्याच्या चामड्याच्या बुटांवर हिरवी लव. दमटपणा इतका आहे इथे. तिखट-मसाले फ्रीजमध्ये ठेव, बाकी दार उघडं.

कुंड्यांखाली थाळी ठेवू नकोस, ठेवलीस तर रोज पाणी ओत. डेंग्यूमुळे सरकारी माणसं घरात येऊन टॉर्च मारून बघतात, अळ्या सापडल्या तर दंड होतो. माझी तुळस बाल्कनीसारख्या त्या मागच्या जागेत छान वाढलीये, थाळीशिवाय.

आणि माणसं हवी असतील तर महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीत तिथे गेलीस की नाव-गाव विचारून चार जणी फोन नंबर घेतातच. पण ते वर्षातून काही दिवस. रोजचं माणूस समोरच्या दारात असतं, तेव्हा तू आलीस की दुसऱ्याच दिवशी काहीतरी करून समोरच्या घराची बेल वाजव. मी सहा महिने घालवले, तू घालवू नकोस.

कोथरूडची

सगळ्यांचे मनापासून आभार, मी हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं, वैनगंगाताईंचं वाचताना माझाच आवाज लागेना.

काल एजंटला सीईए नंबर मागितला, साइटवर बघितला, फोन जुळतोय. माणूस खरा आहे. पण पैसे थेट मालकाला देऊ आणि घर बघितल्यावरच देऊ म्हटल्यावर आजच्या आज वगैरे बंद झालं, घर अजून आहे म्हणतो. डिप्लोमॅटिक क्लॉज एलओआयमध्येच घाला असं लिहून पाठवलंय, मालकाने बारा महिन्यांनंतरचं मान्य केलंय. कोट्याचं तपासायला सांगितलंय, उत्तर यायचंय. आणि श्रावणसरताई, स्वयंपाकाचंही खरं खरं लिहिलं, रोज फोडणी असते म्हणून. उत्तर आलं की चिमणी आहे, ती वापरा आणि तळण कमी करा, चालेल. मला इतकं हलकं वाटलं.

सिमेईचंही एक घर तो बघणार आहे, दोन्ही एकाच दिवशी, दुपारी तीनला पुंगोल आणि नंतर सिमेई, आणि सोमवारी सकाळी ११८ ने एकदा ऑफिसला जाऊन घड्याळ लावून बघणार. रोजचे दोन तास हे मलाही खुपतंय. पण शाळा आणि ते पाणी... बघू.

ताई, येताना सामान काय आणू? कुकर, पोळपाट तिथे मिळतं का?

वैनगंगा

कुकर, तवा, पोळपाट, मिक्सर सगळं लिटल इंडियात मिळतं, वजन वाया घालवू नकोस. पोहे, साबुदाणा, भाजणीसुद्धा मिळते. पुरणयंत्र मात्र आण, मला पाच वर्षांत कुठे दिसलं नाही आणि होळीला माझंच एक तीन घरांत फिरतं.

श्रावणसर

सिमेईलाही नाही मिळत. दोन आण.